गाडीच्या डिटेलिंगसाठी (पेंट साफ करून चमकवण्यासाठी) पॉलिशिंग मशीन निवडताय? मशीन सगळ्यात शेवटी निवडा

मागे धायरीचा एक पोरगा नवंकोरं मशीन घेऊन माझ्याकडे पुण्यात वारज्याला आला. म्हणाला, "दादा, दोन दिवस झाले मारतोय, स्वर्ल (पेंटवरच्या बारीक गोल रेघा) हलतच नाहीत, कंपाउंड (घासायची पेस्ट) बदलू का?" मी मशीन उलटं केलं, प्लेट (ज्यावर पॅड बसतं ती) बोटाने फिरवून बघितली, तर बाजूला धुळीची पिशवी लावायचं तोंड. म्हटलं, "अरे, हे सँडर आहे, लाकूड घासायचं." प्लेट जागच्या जागी अडीच मिलिमीटर थरथरणार, त्यावर फोमचं पॅड लावलं की ती सगळी थरथर फोमच पिऊन टाकतो, पेंटपर्यंत काहीच पोचत नाही. त्याचं कंपाउंड ठीक होतं, पॅड ठीक होतं, हात पण बरा होता, फक्त मशीन चुकीचं होतं आणि बिलावर मात्र "पॉलिशर" लिहिलेलं.

असं दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी येतं. कोणी वॅट बघून घेतलेलं असतं, कोणी आरपीएम बघून, कोणी व्हिडिओत दिसलं म्हणून अमेरिकेहून मागवलेलं. सगळ्यांची चूक एकच, आधी मशीन घेतलं आणि मग त्याच्यावर काय काम करायचं ते शोधत बसले. क्रम उलटा करायचा. आधी काम, मग गाड्या, मग पॅडचा साईज, मग लाईट-वायर, आणि ह्या सगळ्यात जे बसेल ते मशीन. खाली त्याच क्रमाने लिहिलंय, मधली पायरी गाळू नका.

१. आधी वही काढा आणि तुमचं काम लिहा

गेल्या महिन्यात केलेल्या (किंवा धंदा सुरू करत असाल तर येत्या महिन्यात मिळतील असं खात्रीने वाटणाऱ्या) वीस गाड्या लिहून काढा. प्रत्येकीसमोर काम काय होतं ते लिहा. साधारण तीन प्रकार निघतात.

पहिला, वॉश करून एका स्टेपचं पॉलिश आणि वर वॅक्स किंवा सीलंट. गिऱ्हाईकाला चमक हवी असते, प्रत्येक स्क्रॅच जायला पाहिजे असं नसतं. दुसरा, पूर्ण पेंट करेक्शन आणि त्यावर सिरॅमिक कोटिंग, इथे गाडी उन्हात उभी केली की एकही गोल रेघ दिसता कामा नये. तिसरा, डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून आलेलं काम, म्हणजे नवीन मारलेल्या क्लिअरवर (पेंटच्या सगळ्यात वरच्या पारदर्शक थरावर) दोन हजार किंवा तीन हजारचा सँडपेपर मारलेला असतो आणि त्या पेपरच्या खुणा काढून शाईन आणायची असते.

पहिल्या दोन प्रकारांना ड्युअल अॅक्शन, ज्याला आपण सगळे डीए म्हणतो, ते लागतं. तिसऱ्याला रोटरी लागते, डीएने होतं पण अर्धा दिवस जातो. वीसपैकी पंधरा गाड्या पहिल्या दोन प्रकारातल्या असतील तर रोटरीचा विचार आत्ता बाजूला ठेवा, कितीही स्वस्त मिळाली तरी.

तपासा: वही न लिहिता "माझ्याकडे सगळंच काम येतं" असं मनात म्हणत असाल तर पुढे जाऊ नका. सगळंच काम येतं म्हणणारा शेवटी सगळ्यात मोठं मशीन घेतो.

२. रोटरी, डीए, फोर्स्ड: फरक नीट समजून घ्या

रोटरी म्हणजे एकाच आसावर गोल फिरणारं मशीन, आपल्याकडे ज्याला सरळ "बफिंग मशीन" म्हणतात. पॉलिशिंगची रोटरी साधारण ६०० ते ३००० आरपीएमच्या मध्ये चालते. कापते जबरदस्त, पण पॅड एकाच दिशेने एकाच जागी फिरत राहतं म्हणून उष्णता पटकन साठते, आणि हात सरावलेला नसेल तर पेंटवर होलोग्राम पडतात, म्हणजे उन्हात गाडीवर जाळीसारखे चमकणारे पट्टे हलताना दिसतात ते.

डीएमध्ये पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात डोलतं पण. बहुतेक डीएत पॅडचं फिरणं मोकळं असतं, म्हणजे जास्त दाबलं किंवा पॅड तिरकं झालं की ते फिरायचं थांबतं आणि नुसतं थरथरतं. नवीन पोरांना हा दोष वाटतो, पण हेच तुमचं संरक्षण आहे. कोपऱ्यावर चुकून जोर पडला तर पॅड थांबतं, पेंट सहजासहजी जळत नाही.

फोर्स्ड रोटेशनमध्ये डोलणं आणि फिरणं दोन्ही गिअरने बांधलेलं असतं, दाबलं तरी थांबत नाही. वक्र पॅनलवर चांगलं काम देतं, पण हात ओढतं, थरथर जास्त असते आणि उष्णता डीएपेक्षा जास्त. पहिलं मशीन म्हणून मी कुणालाच सांगत नाही.

आता जळण्याचं बोलू, कारण इथे नुकसान खरं होतं. कंपनीच्या पेंटची सगळी जाडी मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते आणि त्यातला वरचा क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपण जे काही घासतो ते ह्या वरच्या थरातून, आणि कडेवर, कोपऱ्यावर, बॉडी लाईनच्या उंचवट्यावर हा थर अजून पातळ असतो. सुरुवातीच्या काळात मी एका काळ्या सेडानच्या मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर रोटरी नेली. बंपर आधी एकदा बाहेर रंगवलेला होता, ते मी विचारलं नव्हतं. दोन पास (मशीनचे हात) मारून झाले, तिसऱ्याला पॅडच्या कडेला काळी पावडर दिसली आणि हात उचलेपर्यंत खालचं राखाडी प्राइमर नखाएवढं उघडं पडलं. बंपर प्लास्टिकचा, पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, सगळी तिथेच साठते. अख्खा बंपर माझ्या खर्चाने रंगवून दिला, आणि गाडीवाल्या काकांना दोन दिवस गाडीशिवाय राहावं लागलं त्याचं मला पैशापेक्षा जास्त वाईट वाटलं. त्यानंतर पेंट थिकनेस गेज (पेंटची जाडी मोजायचं यंत्र) लावल्याशिवाय मी एकाही गाडीला मशीन लावलेलं नाही.

थांबा: गेज घ्यायचं बजेट नसेल तर रोटरी घ्यायचं पण बजेट नाही असं समजा. आणि लक्षात ठेवा, साधा गेज पत्र्यावरच चालतो, प्लास्टिकच्या बंपरवर नाही. तिथे गिऱ्हाईकाला सरळ विचारायचं, "काका, बंपर कधी रंगवलाय का?" आणि हो म्हणाले तर मऊ पॅड, डीए, कमी स्पीड. पत्र्यावर रीडिंग २०० मायक्रॉनच्या वर गेलं तर तो भाग बहुतेक रंगवलेला आहे, आणि हजाराच्या आसपास गेलं तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे असं धरून चाला.

अजून एक, आणि हे मी खूप गॅरेजमध्ये बघतो. चार इंची अँगल ग्राइंडरला पॅड लावून बफिंग करायचं. ग्राइंडर ११००० आरपीएमच्या आसपास फिरतो. शंभर मिलिमीटरचं पॅड त्या स्पीडला फिरलं तर पॅडची कड सेकंदाला जवळजवळ ५८ मीटर जाते. दीडशे मिलिमीटरचं पॅड रोटरीवर १५०० आरपीएमला चालवलं तर तीच कड सेकंदाला साधारण १२ मीटर जाते. पाचपट फरक आहे. पेंट तर जातोच, पण पॅड सुटून तोंडावर आलं तर डोळा जाईल. हे करू नका, आणि कोणी करत असेल तर थांबवा.

३. टेप घेऊन गाड्या मोजा, मग थ्रो आणि प्लेट ठरवा

थ्रो म्हणजे पॅड किती मोठ्या वर्तुळात डोलतं तो आकडा. बाजारात ८, १२, १५, २१ मिलिमीटर असे मिळतात. हा आकडा वर्तुळाच्या व्यासाचा असतो, म्हणून एका फेरीत पॅडचा प्रत्येक बिंदू किती घासतो ते काढता येतं. ८ ला साधारण २५ मिलिमीटर, १५ ला ४७, २१ ला ६६. म्हणजे स्पीड तोच असेल तर २१ चं मशीन १५ पेक्षा ४० टक्के जास्त घासतं. आकडा ऐकून सगळे २१ कडे धावतात, आणि इथेच चुकतात.

कारण २१ च्या मशीनला साधारण सहा इंची प्लेट येते आणि वर सहा-साडेसहाचं पॅड. १५ ला पाच इंची प्लेट, वर साडेपाचच्या आसपास पॅड. आता टेप घ्या आणि तुमच्याकडे नेहमी येणाऱ्या पाच गाड्यांवर दोन बॉडी लाईनच्या मधली सपाट जागा मोजा. बॉनेट, छप्पर सोडा, ते कुठलंही मशीन करतं. दरवाजाच्या हँडलखालची पट्टी, मागच्या दरवाजावरची चाकाकडची जागा, डिकीवर नंबरप्लेटच्या बाजूची जागा, हेडलाईटखालचा बंपर. छोट्या हॅचबॅकवर तुम्हाला कळेल की सहा इंची पॅड पूर्ण टेकेल अशी जागा अर्धीच आहे. पॅड टेकत नाही तिथे तिरकं होतं, तिरकं झालं की फिरायचं थांबतं, मग पोरगा दाबतो, मग अजूनच थांबतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, एकच मशीन घ्यायचं असेल तर १५ मिलिमीटर थ्रो आणि पाच इंची प्लेटचं डीए. पुण्यात हॅचबॅक आणि कॉम्पॅक्ट एसयूव्ही भरपूर येतात, त्यांच्यावर हे नीट बसतं. दुसरं मशीन तीन इंची छोटं, पिलर, आरसे, बंपरच्या खाचा ह्यासाठी. २१ तिसरं, जेव्हा मोठ्या एसयूव्ही आणि एमपीव्ही रोज यायला लागतील तेव्हा.

थांबा: पाच इंची मशीनला तीन इंची प्लेट लावून दोन मशीनचं काम एकात करायचा मोह होतो. डीएच्या आत वजन बॅलन्स केलेलं असतं आणि ते ठरावीक प्लेट आणि पॅडच्या वजनाला जुळवलेलं असतं. छोटी प्लेट लावली की बॅलन्स जातो, हाताला झिणझिण्या येतात आणि बेअरिंग लवकर जातं. कंपनी स्वतः त्या मशीनसाठी छोटी प्लेट देत असेल तरच लावा.

४. लाईट आणि वायरचं गणित

स्टुडिओ असेल तर हा भाग सोपा आहे. घरोघरी जाऊन काम करत असाल, कोथरूड, बाणेर, वाकडच्या सोसायट्यांमध्ये, तर इथे नीट थांबा.

पार्किंगमधला पॉइंट बऱ्याचदा ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टवर १००० वॅटचं मशीन साधारण साडेचार अँपिअर घेतं, १२०० वॅटची रोटरी सव्वापाच. त्याच बोर्डवर १४०० वॅटचा व्हॅक्यूम लावला की अजून सहा. बोर्ड गरम, एमसीबी पडला, आणि सेक्रेटरी खाली आले. म्हणून मशीन आणि व्हॅक्यूम एका बोर्डवर कधीच एकत्र नाही.

एक्स्टेंशनची वायर किमान १.५ स्क्वेअर मिलिमीटरची घ्या, वीस मीटरपेक्षा लांब असेल तर २.५ ची, आणि रीळ पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेली वायर लोडवर आतल्या आत तापते. ओल्या फरशीवर काम असतं म्हणून बोर्डला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच) असलेलं एक्स्टेंशन लावा, ह्यात काटकसर नको.

इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो प्युअर साइन वेव्हच हवा. साध्या स्क्वेअर वेव्हवर मशीनचं स्पीड कंट्रोल नीट चालत नाही, मोटर घरघरते आणि तापते. भोसरी, चिंचवडकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते हे माहितीच आहे सगळ्यांना, मोठ्या करेक्शनची गाडी गुरुवारी घेऊच नका.

"मग बॅटरीचं घेऊ का?" हा प्रश्न येतोच. हिशोब करा. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॅट-तास. मशीनने पॉलिश करताना ३०० वॅट जरी ओढले तरी एक बॅटरी अठरा मिनिटं. पूर्ण करेक्शनला मशीन निव्वळ चार तास चालतं असं धरलं तर तेरा-चौदा बॅटऱ्या लागल्या. फिनिशिंगला, छोट्या तीन इंची मशीनला बॅटरी मस्त आहे, मुख्य मशीनला नाही.

तपासा: मशीनवरच्या माहितीच्या पट्टीवर २२०-२४० व्होल्ट लिहिलंय ना? अमेरिकेहून कोणी नातेवाईक घेऊन आला असेल तर ते १२० चं असतं, आपल्या पॉइंटला लावलं की काही सेकंदांत मोटर जळते, आणि ती वॉरंटीत बसत नाही. ट्रान्सफॉर्मर लावता येतो पण तो दहा किलोचा डबा घेऊन तुम्ही सोसायटी-सोसायटी फिरणार का?

५. स्पिंडलचा आटा: सगळ्यात छोटी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक

बॅकिंग प्लेट मशीनच्या स्पिंडलवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, आट्याने बसते. आपल्याकडच्या रोटरीला बहुतेक एम१४ चा आटा असतो, चार इंची ग्राइंडरला एम१०, अमेरिकन रोटरीला ५/८ इंचाचा. हे एकमेकांत बसत नाहीत हे डोळ्याला दिसतं म्हणून कोणी फसत नाही.

खरी गोची डीएमध्ये आहे. काही मशीनना एम८ आटा, काहींना ५/१६ इंच. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, म्हणजे जाडीत एम८ सारखाच, हाताला, डोळ्याला काहीही फरक कळत नाही. पण एम८ च्या दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर आणि ५/१६ च्या बारीक आट्याचं १.०६. प्लेट एक-दीड फेरा छान जाते, मग अडकते. इथे माणसाला वाटतं नवीन आहे म्हणून घट्ट असेल, तो पाना घेतो आणि जोर लावतो. आटा कापला जातो. आता ना ती प्लेट कामाची, ना स्पिंडल.

नियम साधा, प्लेट शेवटपर्यंत दोन बोटांनी फिरली पाहिजे. दीड फेऱ्यावर अडकली की उलटी काढा आणि दुकानदाराला परत द्या. मशीन घेतानाच त्याच दुकानातून जास्तीची एक प्लेट लावून बघून घ्या, सहा महिन्यांनी वेल्क्रो झिजलं की लागणारच आहे आणि तेव्हा नेमकी मिळत नाही.

६. दुकानात: हा क्रम सोडू नका

नाना पेठेत ऑटोच्या दुकानात घ्या, रविवार पेठेत टूल्सवाल्याकडे घ्या किंवा ऑनलाईन मागवून घरी उघडा, तपासणी हीच. जाताना सोबत एक पॅड, मार्कर पेन आणि जुनं टॉवेल घेऊन जा. दुकानदार कुरकुरला तर नम्रपणे सांगा, "दादा, रोजच्या कामाला घेतोय, पाच मिनिटं द्या." जो पाच मिनिटं देत नाही तो वॉरंटीच्या वेळी पण देणार नाही.

आधी बंद मशीन. स्पिंडल बोटांनी धरून वर-खाली आणि आजूबाजूला हलवा. डीएत थोडी डोल असते पण "टक टक" असा खेळ जाणवला तर नको. वायर मशीनमध्ये शिरते तिथलं रबर वाकवून बघा, वायर नेहमी तिथेच तुटते. वायरची लांबी बघा, चार मीटरपेक्षा कमी असेल तर एक्स्टेंशनचा जोड सतत पेंटवर घासत राहणार.

मग मशीन खांद्याच्या उंचीला एका हातात धरा, दुकानात उभं राहून दोन मिनिटं. वजन बॉक्सवर वाचून कळत नाही, दरवाजाच्या बाजूला उभं धरल्यावर कळतं. दिवसाचे पाच-सहा तास धरायचंय.

आता पॅड लावा, पॅड बरोबर मध्यभागी बसलंय बघा, प्लेटच्या कडेला मार्करने एक ठळक रेघ मारा. टॉवेल टेबलावर, पॅड टॉवेलवर टेकवा, *मग* चालू करा. हवेत चालू करायचं नाही, पॅड उडतं. मशीनने झटका न देता हळूहळू स्पीड घेतला पाहिजे, म्हणजे सॉफ्ट स्टार्ट आहे. स्पीड एकपासून शेवटपर्यंत नेऊन बघा, प्रत्येक आकड्याला आवाज बदलला पाहिजे. मग चार नंबरला ठेवून साधारण हाताच्या वजनाएवढा दाब द्या आणि मारलेली रेघ बघा. रेघ फिरताना दिसतेय तोवर मशीन काम करतंय. एवढ्याच दाबाला रेघ जागेवर थांबली तर मशीनमध्ये दम नाही, वॅट काहीही लिहिलेले असोत. ही रेघ काढून टाकू नका, काम करताना पण हीच तुमची खूण.

दोन मिनिटं चालवून हात काढा. बोटांत झिणझिण्या किती वेळ राहतात बघा. बॉक्सवर किंवा मॅन्युअलमध्ये व्हायब्रेशनचा आकडा असतो, मीटर प्रति सेकंद वर्ग असा. युरोपात आठ तासांच्या दिवसाला २.५ च्या वर गेलं की मालकाने उपाय करायलाच पाहिजेत असा नियम आहे. ५ आकड्याच्या मशीनवर ती मर्यादा दोन तासांत गाठली जाते, १० च्या मशीनवर अर्ध्या तासात. आपल्याकडे कोणी बघत नाही हे, पण बोटं पांढरी पडून बधिर व्हायला लागली की ती पूर्ववत होतीलच असं नाही. तुमच्याकडे पोरं कामाला असतील तर त्यांच्यासाठी तरी हा आकडा बघा.

शेवटी बिल. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर. आणि दुकानदाराला विचारा कार्बन (मोटरला करंट देणारे ब्रश), स्विच, प्लेट इथेच मिळतात का. "मागवून देतो" म्हणजे मिळत नाहीत असं समजा.

जुन्या बाजारातून किंवा कोणाकडून सेकंडहँड घेत असाल तर हेच सगळं, आणि वर एक गोष्ट, अंधाऱ्या कोपऱ्यात चालवून मोटरच्या जाळीतून आत बघा. कार्बनजवळ बारीक निळसर ठिणगी चालते, पण गोल आगीचं कडं दिसलं तर आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) गेलंय, फुकट मिळालं तरी घेऊ नका.

७. सगळे पैसे मशीनवर घालवू नका

माझा अंदाज असा, एकूण बजेटचे निम्मेच पैसे मशीनला ठेवा. बाकीच्या निम्म्यात पॅड, कंपाउंड, गेज, इन्स्पेक्शन लाईट, मास्किंग टेप. महागडं मशीन आणि दोन पॅड घेऊन बसलेली पोरं मी बघितली आहेत, तिसऱ्या पॅनलला पॅड कंपाउंडने भरून दगड झालेलं असतं आणि दोष मशीनला.

एका गाडीला कटिंगची किमान चार पॅड, फिनिशिंगची तीन-चार. प्रत्येक सेक्शननंतर ब्रशने किंवा हवेने साफ करायची, दोन पॅनलनंतर बदलायची. पॅड प्लेटपेक्षा थोडं मोठं पाहिजे, सगळीकडून कड बाहेर यायला हवी, नाहीतर प्लेटची कडक कड पेंटला लागते. पावसाळ्यात धुतलेली पॅड दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि ओलसर पॅड लावलं तर फोम फाटतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर पॅडचा एक सेट जास्तीचा ठेवा.

८. गिऱ्हाईकाच्या गाडीआधी भंगारातलं बॉनेट

डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे ठोकलेलं बॉनेट पडलेलं असतं, गडद रंगाचं मागून घ्या. त्यावर पहिले आठ दिवस. क्रम असा ठेवा:

नीट धुवा, क्ले (पेंटला चिकटलेली घाण ओढून काढणारी माती) मारा, वाळवा. बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्याने धुतलं तर लगेच पुसून घ्या, पाण्याचे डाग पडले की तेच घासत बसाल. टेपने दीड फूट बाय दीड फूट चौकोन करा. आधी मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, एक नंबरला पसरवा, मग चार-पाचला न्या, सेकंदाला इंच-दीड इंच एवढ्या चालीने, आडवे दोन पास आणि उभे दोन, प्रत्येक पास आधीच्यावर अर्धा चढलेला. पुसा. पाण्यात पातळ केलेलं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मारून परत पुसा, कारण पॉलिशमधलं तेल स्क्रॅच भरून लपवतं आणि दोन धुण्यांत सगळे परत वर येतात. मग एकाच बिंदूतून उजेड टाकणारा एलईडी टॉर्च मारून बघा किंवा सरळ उन्हात. ट्यूबलाईटखाली काहीच कळत नाही.

स्क्रॅच गेले नाहीत तर आधी पॅड बदला, मग कंपाउंड, सगळ्यात शेवटी स्पीड. बरीच जणं आधी स्पीड वाढवतात. जर्मन गाड्यांचा क्लिअर कडक आणि जपानी गाड्यांचा मऊ असं सगळे सांगतात, पण त्यावर विसंबून सुरुवात करू नका, प्रत्येक गाडीवर हा चौकोन आधी करायचाच.

आता मुद्दाम कडेवर जा. बॉनेटच्या कडेवर पॅड ठेवा आणि क्लिअर फुटेपर्यंत चालवा, डीएने आणि कोणाची रोटरी मिळाली तर तिनेही. किती पासांत फुटतो, फुटायच्या आधी पॅडवर कुठला रंग येतो, पत्रा किती तापतो हे एकदा हाताने अनुभवा. पत्र्यावर तळहात दोन-तीन सेकंद ठेवता येत नसेल तर तुम्ही मर्यादेच्या पलीकडे गेलात. हे भंगारावर शिकायचं असतं, मी काकांच्या बंपरवर शिकलो.

तपासा: आठ दिवसांनी त्या बॉनेटवर सलग तीन चौकोन उन्हात एकसारखे दिसले पाहिजेत. एक चांगला, एक बरा, एक होलोग्रामवाला असं असेल तर अजून आठ दिवस.

९. मशीन रोज संध्याकाळी

गरम मशीन पॅडवर टेकवून ठेवू नका, फोम दबून वाकडा होतो. पॅड काढून, मशीन उताणं ठेवा. पॅड लावलेलंच राहिलं तर प्लेटची उष्णता वेल्क्रोला लागून हूक वितळतात आणि मग पॅड मध्येच सुटायला लागतं. मोटरच्या जाळीवर हवा मारा, कंपाउंडची पावडर आत गेली की बेअरिंग खाते. वायर मशीनभोवती घट्ट गुंडाळायची नाही, मोकळे वळसे. काम करताना वायर खांद्यावरून मागे सोडायची, म्हणजे पेंटला लागत नाही आणि पॅडमध्ये अडकत नाही.

कार्बन दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा. मशीन मध्येच थांबायला लागलं, हलवलं की परत चालू झालं, जळका वास आला, तर पहिल्यांदा कार्बनच. दोन्ही एकदम बदला, एक नवीन एक जुना असं नाही. जास्तीची जोडी मशीनच्या बॅगेतच ठेवा, कारण कार्बन संपतात ते नेमके रविवारी दुपारी, अर्धं छप्पर झालेलं असताना, आणि तेव्हा पेठेतलं एकही दुकान उघडं नसतं.